मामीची किटली

वसई रोड (प.)
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

चि. जयवंत,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही तिघी बऱ्या आहोत. तुम्हीही सगळे बरे असाल असं धरून चालते, कारण कळायला मार्ग नाही. फोन तू उचलत नाहीस, मेसेजला निळ्या खुणा येतात आणि पुढे काही येत नाही. म्हणून शेवटी कागद घेतला. तीस वर्षं ऑफिसची पत्रं लिहून हाताला अशी खोड लागली आहे की ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ लिहिता लिहिता थांबले. हसू नकोस. किंवा हस, तेवढं तरी कर.

भाऊबीजेला तू आला नाहीस. मला सख्खा भाऊ नाही, मामेभाऊ म्हणशील तो तूच, आणि कळायला लागल्यापासून एकही भाऊबीज आपण चुकवली नव्हती. हे गेले त्या वर्षीसुद्धा तू दारात उभा राहिला होतास, ओवाळू नकोस पण जेवायला वाढ म्हणाला होतास. या वेळी पाट मांडून ठेवला होता. रेवा म्हणाली, “आई, जयवंतमामा येणार नाही, उगाच वाट बघू नकोस.” मग गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. बीजेची कोर ती, समोरच्या टॉवरमागे केव्हाच गेलेली. तिकडे असेल अशा अंदाजाने ताम्हन फिरवलं आणि खाली आले.

बाळ छान आहे. नाव आर्या ठेवायचं ठरलं आहे. दीड महिन्याची झाली, मान धरायला लागली आहे, आणि रडते ती थेट तुझ्यासारखी, तोंड वाकडं करून. रेवाची तब्येतही भरली. ते सगळं मामीच्या कृपेने, हे मी जाणून आहे.

आता त्या गोष्टीबद्दल. तुला राग आला हे मी समजू शकते. आमच्या अन्न खात्याची दिवाळीची मोहीम होती. खवा, मिठाई, दूध, सगळ्यांचे नमुने घ्यायचे होते आणि उमेळ्याच्या यादीत तुझं दुधाचं दुकान होतं. मी तुझ्याशी ओळख दाखवली नाही, चहा नको म्हटलं, तुला ‘आपण’ म्हटलं. माझा सहकारी सिद्धेश शेजारी उभा होता. शेजारच्या झेरॉक्सवाल्या जेन्सनला पंच म्हणून बोलावलं तेव्हा तो काय म्हणाला आठवतं? “मॅडम, ह्यांचं दूध? ह्यांच्या दुधात बघायचं काय असतं?” मला इतका अभिमान वाटला होता! खरं सांगते, मी मनातल्या मनात तुझं सॅम्पल पास करून टाकलं होतं.

रिपोर्ट माझ्या हातात नसतो. बाटल्या सील होऊन जातात आणि प्रयोगशाळा काय ते कळवते. म्हशीच्या दुधात फॅट सहा टक्के हवं, तुझं पाच पूर्णांक एक आलं, म्हणून ‘कमी दर्जाचं’ असा शेरा पडला. पण पाणी नाही, युरिया नाही, पावडर नाही. हे मी ऑफिसात दहा जणांना सांगितलं आहे. तीस दिवसांत अपील करता येतं. एक सीलबंद बाटली दुसऱ्या प्रयोगशाळेत जाते. अर्ज मी भरून देते, तू फक्त सही कर.

मामीला नमस्कार सांग. तिची स्टीलची किटली माझ्याकडे राहिली आहे, सवडीने पोचवीन.

सुरुचीला आणि निमिषला आशीर्वाद.

तुझी
विनूताई


वसई रोड (प.)
रविवार, ७ डिसेंबर २०२५

चि. जयवंत,

अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती म्हणते, पण पोस्टमन खाली दिसला की गॅलरीत जायची मी. अपील तू केलंच नाहीस. मुदत गेली. का रे? एक सही करायला काय जात होतं?

काल भाजी घ्यायला गेले तिथे जेन्सन भेटला. आधी नुसता मान हलवून निघाला होता, मग परत फिरला. म्हणाला, “विनयाबाय, तुम्हाला ठावकी हाय का, निमिष घरात नाय राहत आता. वालीवला कंपनीत लागलाय, पोरांबरोबर रूम घेतलीय. जयवंतने भर दुकानात त्याला चोर म्हटलं. मी होतो तिथं.” माझ्या हातात मेथीची जुडी होती ती तशीच खाली ठेवली मी. पुढची सगळी हकिगत त्याने सांगितली. संध्याकाळच्या धारेचा कॅन रोज दोनेक लिटर कमी भरत होता हे तुझ्या आधीच लक्षात आलं होतं. तुला वाटलं म्हशी आटत चालल्यात. मग रिपोर्ट आला, फॅट कमी. आणि तू दोन्हीची सांगड घातलीस. कॅन निमिष भरतो, पहाटे साडेपाचला बाइक काढून तासभर कुठे जातो ते सांगत नाही. म्हणजे वरची मलई काढून हलवायाला विकतो. विचारलंस तेव्हा तो गप्प बसला, आणि गप्प बसला म्हणजे कबूल झाला.

जयवंत, तो असं करणार नाही. तुझा मुलगा आहे तो. बारावीपासून धार काढतो, मुंबईत नोकरी मिळत असताना म्हशी सोडून गेला नाही.

फॅट कमी येण्याला शंभर कारणं असतात. चारा बदलला की येतं. म्हैस व्यायल्याला बरेच दिवस झाले की फरक पडतो. थंडीगरमीचा परिणाम होतो. तुझी हौशी आटली होती असं मामी म्हणाली होती, एक म्हैस कमी झाली की सगळ्या दुधाची सरासरी बदलते. धार काढताना शेवटचं दूध नीट निपटून घेतलं नाही तरी फॅट राहून जातं. तेव्हा पोरावर आळ घेण्याआधी

हे वर लिहिलेलं वाचलं परत. खोडत नाही, राहू दे. तू चाळीस वर्षं म्हशी पाळतोस, तुला हे मी शिकवायला नको आणि तुला हे पटणारही नाही.

परवा सुरुचीच्या फोनवरून मामी माझ्याशी बोलली. तिला ऐकू कमी येतं त्यामुळे तिचंच बोलणं झालं. “गो विनू, बालंतीनीला दूद पुरता ना? कमी पडला तं सांग, लाजू नको.” रेवा सासरी जाऊन पंधरा दिवस झाले हे तिला दोनदा ओरडून सांगितलं. म्हणाली, “बरा बरा. पन निमिष कुठं गेला गो? पोर दिसत नाय.” मी म्हटलं, नोकरीला लागलाय मामी.

हरिश्चंद्रमामाची आठवण आली. लहानपणी सुट्टीत आम्ही उमेळ्याला आलो की मामा गोठ्यात उभे राहून सांगायचे, घरच्या म्हशीचं दूध पोरांनो प्या, ओता, सांडा, पण विकायच्या दुधाला बोट लावायचं नाही. गिऱ्हाईक विश्वासाने भांडं पुढे करतं. तोच नियम तू अजून पाळतोस. वाडी गेली, तिथे बिल्डिंगी आल्या, म्हशी तेविसाच्या नऊ झाल्या, पण हा नियम राहिला. म्हणून तर तुला निमिषचा एवढा राग आला, हे मला कळतं. माझ्याइतकं कुणालाच कळत नसेल.

मला तुझ्याशी बोलायचं आहे. पत्रात नाही, समोर बसून. पुढच्या रविवारी येऊ का? नुसतं ‘ये’ एवढा मेसेज टाक.

किटली अजून माझ्याकडेच आहे. तेव्हा घेऊन येईन.

तुझी
विनूताई


वसई रोड (प.)
रविवार, ११ जानेवारी २०२६

जयवंत,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही. तू लहान असलास तरी आज ते तुझ्याकडून घ्यायची वेळ माझी आहे.

‘ये’ असा मेसेज आला नाही आणि मी आले नाही. खरं सांगू? मेसेज आला नाही म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. ताकाला जाऊन भांडं लपवतात म्हणतात ना, मी तर तीन महिने भांडं अक्षरशः ओट्याखाली लपवून ठेवलं आहे. आता सगळं सांगते. मध्ये थांबले तर राहून जाईल, म्हणून एका दमात लिहिते.

साय निमिषने काढली नाही. मामीने काढली. आणि ती माझ्या घरी आली.

आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. घरातली लेक, सून, भाची, नात बाळंत झाली की सव्वा महिना तिच्याकडे सायीचं दूध जातं. रात्रभर थंड पाण्यात ठेवलेल्या दुधावर जो जाड थर येतो, तो आणि त्याखालचं थोडं, असं दोन लिटर. त्याचे पैसे घ्यायचे नसतात, विचारायचेही नसतात. माझ्या वेळी आलं, सुरुचीच्या वेळी तिच्या माहेरी तू स्वतः घेऊन जायचास. रेवा माझ्याकडे बाळंतपणाला आली तेव्हा पहिले वीस दिवस हौशीचं दूध आलं. घरची म्हैस, घरचं दूध. त्याला कोण काय म्हणणार होतं? तूच निमिषला पाठवत होतास.

मग हौशी आटली. तू मामीला म्हणालास, आता बास, विनूताईला पिशवीचं आणू दे, विकायच्या दुधाला हात लावायचा नाही. मामी तुला ‘बरा’ म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तू धारेला बसलेला असताना संध्याकाळच्या कॅनचं झाकण काढून तिने पळीने साय किटलीत घेतली. निमिषला शपथ घातली. “बालंतीनीचा दूद मधेच तोडाचा नसते. तुझ्या बापाला बोललास तं माझा मेलेला तोंड बघशील.” निमिष किटली सॅकमध्ये घालून माझ्याकडे यायचा. साडेपाचला तो कुठे जायचा ते हे असं. हलवायाकडे नाही, आत्याकडे.

मला हे ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी किटली ओट्यावर ठेवताना तो म्हणाला होता, “आत्या, हौशी आटली. आजी कॅनमधून काढतेय. बाबांना बोलू नका हां, प्लीज.” मी काय केलं? हसले. म्हटलं, मामी म्हणजे मामीच! आणि दूध गाळून घेतलं. अन्न सुरक्षा अधिकारी मी, विकायच्या दुधातली साय काढली असं माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून कुणीतरी सांगतं आहे, आणि मला त्यात फक्त मामीचा लाड दिसला. आठ दिवस ती साय आली. रेवाने खाल्ली, मीही भाकरीवर घेऊन खाल्ली.

नऊ ऑक्टोबरला सकाळी सहाला किटली आली. मी घाईत होते, दूध भांड्यात ओतून घ्यायलाही वेळ नव्हता, म्हणून ती तशीच ठेवून मी निघाले. सव्वासातला तुझ्या दुकानात होते.

यादीत तुझं नाव आठवडाभर आधी बघितलं होतं. तेव्हाच ‘हा माझा मामेभाऊ आहे, नमुना दुसऱ्याने घ्यावा’ असं एका ओळीत लिहून द्यायचं असतं. सोपं होतं. नाही दिलं, कारण माझ्या डोक्यात वेगळंच होतं. मे महिन्यात मी निवृत्त होते. ऑफिसात दोनतीन जण दबक्या आवाजात म्हणतात की मॅडम स्थानिक आहेत, सांभाळून घेतात. मला दाखवायचं होतं की बघा, मी मामेभावालाही सोडलं नाही. आणि तुझं दूध चोख, सॅम्पल पास होणार, म्हणजे तुझंही नाव राहील आणि माझी मान ताठ होईल. तुझ्या चोखपणावर मला मिरवून घ्यायचं होतं.

आता ते सांगते जे मी निमिषलाही सांगितलेलं नाही.

दुकानात दोन कॅन होते. एक सकाळच्या धारेचा, एक संध्याकाळच्या. सिद्धेशने संध्याकाळचा पुढे ओढला. मी झाकण उघडलं. रात्रभर उभं राहिलेलं म्हशीचं दूध, त्यावर बोटभर पिवळसर थर हवा. काहीच नव्हतं. निळसर सपाट दूध. मला त्याच क्षणी कळलं, जयवंत. रिपोर्ट यायच्या आठ दिवस आधी कळलं. तो थर कुठे आहे हे मला माहीत होतं, माझ्या ओट्यावर.

सिद्धेश बाटल्या मांडत होता. जेन्सन सहीला पेन शोधत होता. तू टपरीवरून मागवलेला चहा माझ्यापुढे धरून उभा होतास. मी एवढंच म्हणायचं होतं, ‘थांबा, हा नमुना मी घेऊ शकत नाही.’ पण का, असं सिद्धेशने विचारलं असतं, आणि मग सगळं सांगावं लागलं असतं. मी पळी हातात घेतली, नियमाप्रमाणे दूध वरखाली ढवळलं, चार बाटल्या भरल्या, नमुना टिकावा म्हणून फॉर्मेलिनचे थेंब टाकले, लाख लावली. नमुन्याचे पैसे द्यावे लागतात म्हणून तुला दोन लिटरचे पैसे पुढे केले. तू म्हणालास, “विनूताई, तुझ्याकडून पैसे?” आणि मी मान वर न करता म्हटलं, “नियम आहे. पावतीवर सही करा.” ज्या दुधाचे पैसे घ्यायचे नसतात ते दोन लिटर माझ्या घरी ठेवून आले होते, आणि इथे पावती फाडत होते.

म्हणजे पहिल्या पत्रात मी लिहिलं की मनातल्या मनात तुझं सॅम्पल पास केलं होतं, ते खोटं. दुसऱ्या पत्रात चारा, थंडी, सरासरी लिहिलं, तेही खोटं. कुंपणानेच शेत खाल्लं आणि वर शेताला नोटीस काढली.

त्या संध्याकाळी निमिषला फोन करून म्हटलं, उद्यापासून आणू नकोस. कारण त्याने विचारलं नाही. हुशार आहे तो.

नोटीस गेली तेव्हा वाटलं, दंड होईल थोडाफार, तुला नकळत कुठूनतरी भरून देईन, मिटेल. मिटवायची घाई म्हणून अपिलाच्या मागे लागले होते. तू मात्र म्हणालास म्हणे, प्रयोगशाळा खोटं कशाला बोलेल, खोट माझ्याच घरात आहे. आणि मग ती खोट शोधायला निघालास. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस रे! आणि चोर गॅलरीत उभी राहून पोस्टमनची वाट बघत होती.

गेल्या रविवारी वालीवला गेले. प्लास्टिकचे डबे आणि झाकणं करणारी कंपनी आहे, निमिष पॅकिंगला आहे. सुट्टीचा दिवस असून ओव्हरटाइमला आला होता. गेटवर आला तो वाळला आहे. मी काही बोलायच्या आधी त्याने विचारलं, “आर्या कशी आहे आत्या? मोठी झाली असेल.” मला रडू आवरलं नाही. गेटवरचा वॉचमन बघत होता. निमिषच मला बाजूच्या टपरीवर घेऊन गेला.

मी म्हटलं, तू बोलला का नाहीस? म्हणाला, “काय बोलणार? आजीने शपथ घातलेली. आणि बोललो असतो तर तुमची इन्क्वायरी लागली असती ना. रिटायरमेंटला थोडेच महिने राहिलेत. मला काय, मी कुठे पण काम करीन.” मग चहा ढवळत म्हणाला, “बाबा तापतात आणि थंड होतात. मी वाट बघत होतो. पण या वेळी नाही झाले थंड.” त्याने मला एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. पंचवीस वर्षांचा मुलगा आजीची शपथ आणि आत्याची नोकरी दोन्ही खांद्यांवर घेऊन बापाच्या शिव्या खातो, आणि सत्तावन्न वर्षांची आत्या त्याच्या आडोशाला बसते.

तुला भर दुकानात त्याला चोर म्हणायचा अधिकार नव्हता, हे मी म्हणू शकत नाही. ते म्हणायला मी लावलं.

आता मी काय केलं ते सांगते, म्हणजे हे पत्र नुसतं रडगाणं व्हायचं नाही. परवा, शुक्रवारी, वरिष्ठांकडे लेखी जबाब दिला. त्यात सगळं आहे. विक्रेता माझा मामेभाऊ आहे, मी ते लपवलं, विक्रीच्या दुधातली साय आठ दिवस माझ्या घरी येत होती, मला ते माहीत होतं आणि झाकण उघडल्यावरही मी नमुना घेतला. मामीचं नाव घातलं नाही, ‘घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीने रिवाजानुसार’ असं लिहिलं आहे. साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, “मॅडम, चार महिने राहिलेत तुमचे. विचार केलाय ना?” मी म्हटलं, विचार करण्यातच तीन महिने घालवले साहेब. वीस तारखेला तुझी सुनावणी आहे, तिथे मी समोर असेन. तुझ्या विरुद्ध नाही. दूध कमी दर्जाचं होतं हे खरंच आहे, ते कायद्याने पुसता येणार नाही. पण ते तसं का होतं हे त्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं जाईल, आणि जेन्सनलाही मी यायला सांगितलं आहे. तुला ‘चोर’ म्हणताना ऐकलं त्याने, हेही ऐकू दे.

माझी चौकशी लागेल. पेन्शनचं काय होईल ते होईल. त्याची चिंता तू करू नकोस, आणि दयाही करू नकोस.

मामीला काय सांगायचं ते तू ठरव. मला विचारशील तर काही सांगू नकोस. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला तिच्या हातच्या सायीचं असं झालं हे कळून काय उपयोग? तिने विचारलं तर एवढंच सांग की दूध पोचलं. आणि पोरगं परत आलं.

निमिषला तू स्वतः आणायला जा. फोन करू नकोस, जा. रविवारच्या ओव्हरटाइमहून तो दुपारी दोनला सुटतो. तो ‘जाऊ दे बाबा’ म्हणेल, त्याचं तसंच आहे. तू जाऊ देऊ नकोस.

हे पत्र पोस्टाने येणार नाही. सुरुची मंगळवारच्या बाजाराला इकडे येते, तिच्या हातात किटली देईन, तिला म्हणेन आधी जयवंतला उघडू दे. त्या किटलीवर ‘सौ. प्रमोदिनी हरिश्चंद्र राऊत, उमेळे’ असं कोरलेलं आहे. तीन महिने ओट्याखालून काही काढताना ते नाव हाताखाली यायचं. चारदा ती पिशवीत भरली आणि चारदा बाहेर काढली. कुणाचं भांडं रिकामं परत देऊ नये, असं मामीनेच मला शिकवलं. साखर घालावी, तांदूळ घालावेत, काहीतरी घालावं. बुधवारी संक्रांत आहे, म्हणून काल तिळाचे लाडू वळले आणि आत ठेवून बघितले. मग काढून घेतले. गोड बोल म्हणायचं तोंड मला नाही.

तेव्हा आत हे पत्र ठेवलं आहे, आणि जबाबाची प्रत. माझ्याकडे घालण्यासारखं एवढंच खरं होतं.

ज्या पावतीवर तुझी सही घेतली तिच्यावर मी हुद्द्यासकट सही केली होती. ही नुसती,

विनू